दुखवटा-मापन, फेरी दुसरी

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरांना भिंती आहेत, पण त्या समाईक आहेत. शेजारच्या घरात उचकी लागली की आमच्याकडे पाणी आणायला माणूस उठतो. त्यामुळे शहाऐंशी साली शेजारच्या भिमाजीचे आईवडील पिंपळगाव बसवंतहून त्याच्याकडे राहायला आले, ते मला दिसायच्या आधी ऐकू आले.

सकाळी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "लाभ! दोन! तीन! चार!"

"भिमाजीनं व्यायाम सुरू केलेला दिसतोय," मी म्हणालो.

"व्यायामाचा लाभ शेवटी असतो," बायको म्हणाली. "हा सुरुवातीलाच दिसतोय."

तिचं बरोबर होतं. भिमाजीचे वडील, सहादूनाना, पिंपळगावच्या बाजारात जन्मभर मापाडी होते. धान्याची मापं असोत की कांद्याच्या गोण्या, मोजताना पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हा मापाड्यांचा धर्म. त्यानं विकणाऱ्याला बरं वाटतं, घेणाऱ्यालाही बरं वाटतं, आणि लाभ ज्याला व्हायचा त्यालाच होतो. आता बाजार सुटला होता आणि नाना घरातल्या चपला मोजत होते.

चपलांखेरीज त्यांच्याजवळ फारसं काही उरलं नव्हतं. आठवणीतून आधी वार गेले, मग गावं गेली, मग भिमाजी गेला, आणि शेवटी बायको. डॉक्टरांनी या आजाराला मोठं नाव सांगितलं होतं. गल्लीत त्याला म्हातारचळ म्हणत. दोघांकडेही औषध नव्हतं.

नानांची बायको म्हणजे सुमनबाई. दिवसभर नानांच्या मागे त्याच असत. नाना त्यांना 'बाई' म्हणत आणि कुणीतरी सोयरी आली आहे अशा समजुतीनं फार अदबीनं वागत. मधूनच विचारत, "बाई, आमची सुमन दिसली का कुठं?"

"येईल की आता. दळनाला गेलीय."

मग नाना वाट बघत बसत आणि वाट बघताना या परक्या बाईला सुमनबद्दल सांगत.

"सर, काल काय म्हनले ठावं हाय का?" एकदा ओट्यावर लसूण सोलता सोलता सुमनबाई मला म्हणाल्या. "आमच्या सुमनसारखी भाकरी पंचक्रोशीत कोनाची नाय, म्हने. लगीन झाल्यापासून माझ्या तोंडावर एकदा भाकरीला बरं म्हनले नाय. आता परक्या बाईला सांगत्यात!"

"वाईट वाटत असेल, मावशी."

"सवतीचं कवतिक ऐकावं तसं वाटतं. पन सवत बी मीच. मग भांडावं कोनाशी?"

आणि हसल्या. त्यांच्या हसण्यानं आमच्या फळीवरचे पेले वाजतात, हे मी ऐकीव सांगत नाही.

सुमनबाईंची तक्रार एकच होती, आणि ती पिक्चरची. शहरातल्या टॉकीजला एक कौटुंबिक पिक्चर बरेच आठवडे चालला होता. सून लता त्यांना आणि नानांना घेऊन गेली. अंधारात नाना शहाण्यासारखे बसले. इंटरवलला दिवे लागले आणि समोर एवढी माणसं ओळीनं मांडलेली पाहून नाना उठले. "लाभ! दोन! तीन!" बाल्कनीपर्यंत मोजत गेले. थेटरवाल्यानं हात जोडले आणि तिघं घरी आली. महिन्यानं पुन्हा गेली. पुन्हा इंटरवलला दिवे लागले. थेटरवाला काय करणार, दिवे लावणं त्याला भागच होतं.

"ती पोरगी हिरीत पडती तिथं इंटरवल होतो," सुमनबाई सांगत. "मेली का जगली, मला काय कळंना. लताला म्हनलं तू जाऊन बघून ये. ती म्हनती, आत्या, तुम्हाला सोडून मी नाय जायची. आता हिला सून म्हनावं का वैरीण?"

लता एका शाळेत शिपाई होती, भिमाजी अंबडला कारखान्यात, रविवारीही ओव्हरटाइमला. दोघं संध्याकाळी येत. दुपारी नानांपाशी थांबायला कुणी नव्हतं. सुमनबाईंना हवी होती एक मोकळी दुपार.

अशा वेळी माझे कॉलेजातले सहकारी प्रा. गायधनी यांनी या घरात पाऊल टाकलं. वाट मीच दाखवली, हे खरं आहे. गायधनी मानसशास्त्र शिकवत, आणि अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांना किती शोक होतो हे मोजायचं त्यांच्या मनात होतं. माणूस जिवंत असतो आणि तरी थोडा थोडा जात असतो, त्याचं दुःख कुणी मोजलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलं होतं. गायधनीही चांगले होते. वाईट होतं ते भाषांतर.

प्रश्नावली परदेशातली होती. ती गायधनींनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः मराठीत आणली. 'शोक' त्यांना संस्कृत नाटकासारखा वाटला. 'दुःख' हा शब्द कुणीही कशालाही वापरतो. म्हणून त्यांनी निवडला 'दुखवटा'.

"गायधनी," मी म्हणालो, "दुखवटा माणूस मेल्यावर असतो. त्यात पिठलं-भात असतो. कापडं असतात. सोयरे येतात."

"शब्दाला वजन आहे," ते म्हणाले. "शास्त्राला पिठल्याशी कर्तव्य नाही."

माझा विषय अर्थशास्त्र. मी गप्प बसलो.

या मापनाला एक गोड शेपूट होतं. शहरातला एक ट्रस्ट अशा म्हाताऱ्यांना दुपारपुरतं सांभाळणारं केंद्र काढणार होता. जागा थोड्या, म्हातारे फार. तेव्हा ट्रस्टनं ठरवलं की ज्या घरचा दुखवटा सर्वांत जास्त भरेल त्या घराला जागा आधी. म्हणजे दुःखाची मेरिट लिस्ट लागणार होती. यात मला काही गैर वाटलं नाही. आपल्याकडे ज्याची मेरिट लिस्ट लागत नाही ते कुणी खरं धरत नाही.

पहिली फेरी एका गुरुवारी झाली. मी ओळख करून द्यायला म्हणून गेलो आणि जागा बरी मिळाली म्हणून बसलो.

"रुग्णाचं नाव?" गायधनींनी विचारलं.

सुमनबाईंनी पदर सावरला. नवऱ्याचं नाव असं उघडंनागडं कोण घेतं?

"पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या राशी, सहादूरावांचं नाव घेते गुरुवारच्या दिवशी."

उखाण्याला रकाना नव्हता. गायधनींनी समासात लिहिला.

"आता मी विचारीन त्याला शून्य ते चार असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात नाही. एक म्हणजे..."

"लाभ!" कॉटवरून नाना म्हणाले.

"एक म्हणजे थोडा..."

"लाभ म्हना, मास्तर. पहिल्या मापाला एक म्हनू नये. बरकत जाती."

गायधनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं, लाभ. लाभ म्हणजे थोडा, दोन म्हणजे मध्यम," असं करत ते चारापर्यंत पोचले. नाना समाधानानं आडवे झाले.

"गेलेल्या व्यक्तीची तुम्हाला आठवण येते का?"

"कोन गेलं?" सुमनबाई दचकल्या.

"म्हणजे हे. तुमचे यजमान."

"हे कुठं गेले? हे काय पडलेत!"

"तसं नव्हे. मनानं. हरवलेल्या व्यक्तीबद्दल..."

"हां, हरवले होते. एकदाच. पंचवटीत सापडले. भाजीवाल्याची वांगी मोजून देत होते. त्यानं जाताना दोन दिली बी."

"त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?"

"भरीत करावं वाटलं."

गायधनींनी शून्य लिहिलं.

"भविष्य अंधारमय वाटतं का?"

"सिडकोत लाइट जाती. पन येती की."

आणखी एक शून्य.

"ते तुम्हाला ओळखत नाहीत, याचं वाईट वाटतं?"

इथं सुमनबाई थांबल्या. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना पांघरुणाच्या रेघा मोजत होते.

"त्याचं वाटतं," त्या म्हणाल्या. "चहा देते तवा म्हनत्यात, लय उपकार झाले बाई. नवऱ्यानं उपकार म्हनलं की कसंतरी होतं. पन मग वाटतं, म्हनले तर खरं! जन्मात नव्हते म्हनले." आणि पुन्हा हसू आलं. "ह्याचं लाभ लिवा."

बेरीज झाली. गायधनींचा चेहरा पडला. "फारच कमी भरतोय," ते मला बाहेर येऊन म्हणाले. "इतका कमी दुखवटा मला अख्ख्या जिल्ह्यात मिळालेला नाही. सिन्नरच्या एका बाईंना शून्यं मिळाली होती, पण त्या बहिऱ्या निघाल्या."

"म्हणजे जागा नाही?"

"मी पुढच्या गुरुवारी दुसरी फेरी घेतो. शास्त्रात पुनर्मापन असतं. पण बाई अशाच हसत राहिल्या तर मी तरी काय करू?"

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे शिकवणी सुरू झाली.

"आत्या, हसायचं नाही," लता बजावत होती. "त्यांनी काही विचारलं की आधी उसासा टाकायचा."

"कसा?"

लतानं टाकून दाखवला. सुमनबाईंनी टाकला. तो शिट्टीसारखा वाजला आणि दोघी हसत सुटल्या. पेले वाजले.

"आत्या! जागा जाईल!"

"अगं, रडू येनार कसं? हे समोर बसून बशांना लाभ-दोन म्हनत्यात आन् मी रडू?"

"पिक्चर आठवा. पोरगी विहिरीत पडलीय."

"हां," सुमनबाई गंभीरपणे म्हणाल्या. "तिचं वाटतं."

वाटण्यासारखंच होतं, कारण दुसऱ्या दिवशी लता टॉकीजवरून आली ती बातमी घेऊनच. पिक्चर उतरणार होता. पुढच्या शुक्रवारपासून नवा लागणार. म्हणजे गुरुवारी, मापनाच्याच दिवशी, तीनचा शेवटचा खेळ. केंद्र पुढल्या महिन्यात निघायचं होतं, म्हणजे पोरगी कायमची विहिरीतच राहणार.

"राहू दे," सुमनबाई म्हणाल्या. पण त्या रात्री भिंतीपलीकडून हसू आलं नाही, हे बायकोनं मला सांगितलं. मी पेल्यांकडे पाहिलं. ते गप्प होते.

आता भिमाजी. भिमाजी सरळ माणूस. गुरुवारी घरी थांबता यावं म्हणून त्यानं सुपरवायझरकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

"कशाला?"

गायधनींनी जो शब्द दिला होता तोच भिमाजीनं पुढे दिला. "घरी वडलांचा दुखवटा हाय, गुरुवारी."

सुपरवायझरनं खांद्यावर हात ठेवला, सुट्टी पगारी केली आणि खात्यातली यंत्रं बंद करवून सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. भिमाजीही उभा राहिला. कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं असावं असं त्याला वाटलं, आणि अशा वेळी कुणाच्या हे विचारणं बरं दिसत नाही. त्याच्या शेजारी पिंपळगावहून येऊनजाऊन करणारा एक फिटर उभा होता. तो त्या संध्याकाळी गावी गेला.

गुरुवारी अकराला गायधनी आले. सुमनबाईंनी फिकट पातळ नेसलं होतं. लता शाळेत रजा टाकून मागे उभी होती, डोळ्यांनी सूचना देत.

"भविष्य अंधारमय वाटतं का?"

सुमनबाईंनी उसासा टाकला. तो बरा साधला. गायधनींनी आशेनं पेन उचललं.

"गेलेल्या व्यक्तीची..."

आणि गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फुटला.

असा हंबरडा सिडकोत पूर्वी कुणी ऐकला नव्हता. इथली घरं त्या मापाची नाहीत. मागोमाग एक टेम्पो वळला. त्यात पाचसहा बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या आणि नानांची थोरली बहीण अक्काबाई त्यांच्या पुढे होती. "आरं माझ्या भावा रं! मला टाकून कुठं गेलास रं!" टेम्पो चालवत होते शौकतभाई, नानांचे बाजारातले जुने दोस्त, डोळे पुसत, त्यामुळे टेम्पो आमच्या तुळशीला लागून थांबला.

नाना गडबड ऐकून दारात आले.

बायका खाली उतरल्या आणि नानांनी नेहमीसारखं बोट पुढे केलं. "लाभ! दोन! तीन!"

अक्काबाईंचा सूर जागच्या जागी मोडला.

"कोन गेलं, बाई?" नानांनी अदबीनं विचारलं.

"तू रं!" अक्काबाई म्हणाल्या.

"मी नाय. नाव काय?"

"सहादू!"

"सहादू? पिंपळगावचा? मापाडी?" नाना ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा उतरला. "आरारा. लय चांगला मानूस होता. त्याच्या मापात पाप नव्हतं." त्यांनी शौकतभाईंकडे पाहून मान हलवली. "कवा गेला?"

"परवा म्हणे," शौकतभाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग त्याच्या सुमनचं काय?" नाना म्हणाले. "तिला कोनी सांगितलं का? सांगताना जरा हळू सांगा. ती हसती लय, पन आतून मऊ हाय."

सुमनबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. लता धावली. पदर बाजूला झाला तेव्हा सुमनबाई हसत होत्या, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि दोन्ही थांबत नव्हतं.

गायधनी प्रश्नावली धरून उभे होते. "याला किती देऊ?" त्यांनी मला हळूच विचारलं. "हे हसू की रडू?"

"पाणी आलंय ना डोळ्याला?" लता म्हणाली. "चार द्या."

मग उलगडा झाला. अक्काबाईंनी भिमाजीला दारातच फैलावर घेतलं. "मेल्या, बाप जिता आस्ताना दुखवटा करतोस?"

"मी नाय केला, आत्या. कालेजातून आला."

सगळ्या बायका वळून गायधनींकडे बघायला लागल्या. गायधनींनी संशोधनाचा उद्देश सांगायला सुरुवात केली आणि उद्देश संपायच्या आत बायका त्यांच्याभोवती बसल्या. "आमचं बी मापा की," अक्काबाई म्हणाल्या. "मी सख्खी बहीण हाय." प्रत्येकीला प्रश्न विचारले गेले. प्रत्येकीनं चार सांगितले. अक्काबाईंनी पाच मागितले. चार वर्षांत एकदाही न भेटलेल्या एका चुलतभावजयीचा दुखवटा सर्वांत जास्त भरला. गायधनींनी तो आकडा पुन्हा पुन्हा तपासला. पुढे त्यांनी या विषयावर निबंध वाचला, त्यात अंतर वाढेल तसा शोक वाढतो असं दाखवणारा एक आलेख होता. तो आमच्या गल्लीत तयार झालेला आहे.

खरी अडचण पुढेच होती. टेम्पोत पिठलं होतं, भात होता, भाकरींची दुरडी होती. मयताच्या घरी आणलेलं कडू घासाचं अन्न परत न्यायचं नसतं. सुमनबाईंची भावजय भागीबाई हिनं माहेरचं म्हणून लुगडं आणलं होतं, तेही परत जात नाही.

"मानूस जिता हाय, म्हंजी कडू घास गोड झाला," अक्काबाईंनी निकाल दिला. "संपवल्याबिगर कोनी हालायचं नाय." लुगड्यावर त्यांनी हळदीकुंकू टाकलं आणि तेही सवाष्ण करून घेतलं.

पंगत बसली. नानांनी स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं मागून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाले. शौकतभाईंनी वाढायला घेतल्या भाकरी आणि मोजत सुटले, "बरकत, दोन..."

"लाभ!" नाना गरजले.

"बरकत, सहादू. तीस साल सांगतोय तुला."

"लाभ!"

घर कसं भरलं होतं. अक्काबाई नानांच्या उजव्या बाजूला, शौकतभाई डाव्या, भागीबाई दारात. पाखरू बाहेर पडलं नसतं. सुमनबाई ताटं उचलता उचलता थांबल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"वन्सं," त्या अक्काबाईंना म्हणाल्या, "तुम्ही दिवस मावळंस्तवर हायसा ना?"

"मंग! पिठलं कुठं सरलंय?"

"मग मी जरा जाऊन येते."

"कुठं?"

सुमनबाईंना खोटं सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, "पिच्चरला."

दुखवट्याला आलेल्या माणसांपुढे यजमानीणबाईंनी हा शब्द उच्चारल्याची नोंद निदान नाशिक जिल्ह्यात नसावी. अक्काबाईंचा जबडा हलला. त्या काय बोलणार याकडे गायधनींसकट सगळे बघत राहिले.

"लुगडं बदल," अक्काबाई म्हणाल्या. "ह्या अवतारात जानार का थेटरात?"

भागीबाईनं आणलेलं नवं लुगडं नेसून, लताला घेऊन, शौकतभाईंच्या टेम्पोत पुढे बसून सुमनबाई तीनच्या खेळाला गेल्या. निघताना नानांनी त्यांना विचारलं, "बाई, चालल्या का?"

"व्हय. येते."

"वाटंत सुमन भेटली तर सांगा, घरी पाव्हनं आलेत. आन् म्हनावं, घाई नाय. सावकाश ये."

केंद्राचं म्हणाल तर सुमनबाईंचा नंबर लागला नाही, आणि ते बरंच झालं. केंद्राची पाटी लागली, पण उद्घाटनाला हवा तो पाहुणा मिळेना म्हणून कुलूप काही निघालं नाही. त्याऐवजी दर महिन्याला बाजाराच्या सुट्टीला पिंपळगावहून टेम्पो यायला लागला, कुणी ना कुणी घेऊन. अक्काबाई त्याला अजून 'दुखवट्याला जाणं' म्हणतात. त्यांना शब्दाचं वजन पटलं आहे.

पण ते नंतर. त्या गुरुवारी दोघी परतल्या तेव्हा दिवे लागले होते. सुमनबाईंचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा असा काही फुलला होता की पोरगी विहिरीतून निघाली का हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी लुगडंही न बदलता चहा टाकला, नानांना बशीत ओतून दिला आणि त्यांच्यासमोर फतकल मारली.

"ऐका. ती पोरगी हिरीत पडली होती ना, तर तिथं..."

"बाई," नानांनी हात वर केला. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्होरलं सांगू नका. आमच्या सुमनचा बघायचा ऱ्हायलाय. घरात आसंल तर ऐकंल ती. मजा जाईल तिची."

सुमनबाईंनी कपातला उरलेला चहा त्यांच्या बशीत ओतला.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाय सांगत."

"लय उपकार झाले, बाई."

नानांनी बशी तोंडाला लावली. मग सुमनबाई उठल्या, अक्काबाईंना, भागीबाईला, माझ्या बायकोला, मला आणि अजून पिठलंच संपवत असलेल्या गायधनींना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि त्या पिक्चरचा शेवट आम्हाला अगदी हळू आवाजात सांगितला. सुमनला ऐकू जाऊ नये म्हणून.